पहिल्यांदाच जेट बदलताय? मोटरसायकलच्या कार्बोरेटरचं जेटिंग घरच्या घरी

सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर मोकळा घातला किंवा सपाटीवर चालणारी गाडी कायमची डोंगरात नेली, की कार्बोरेटरचा हिशोब चुकायला लागतो. इंजिनात जाणारी हवा बदललेली असते, पण पेट्रोल मोजून सोडणारी पितळी भोकं, म्हणजे जेट, जुनीच असतात. ही भोकं नव्या हवेच्या मापाने बदलणं म्हणजे जेटिंग. हातकाम म्हणून ते अवघड नाही. एका सिलिंडरच्या गाडीला पहिल्या वेळी अर्धा दिवस धरावा. खरी अडचण येते ती कोणतं जेट बदलायचं हे ठरवताना. त्यामुळे पाना हातात घेण्याआधीचा भाग इथे मुद्दाम लांब ठेवला आहे. तो वगळून थेट खोलाखोलीकडे जाऊ नका.

लीन आणि रिच

वजनाने १ भाग पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ भाग हवा लागते. रेसची मूठ पूर्ण पिळून सगळी ताकद मागितली की इंजिनाला पेट्रोल जरा जास्त हवं असतं: साडेबारा-तेरा भाग हवेला १ भाग. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन, जास्त झालं की रिच.

दोन्ही वाईट, पण सारखीच वाईट नाहीत. रिच गाडी पेट्रोल पिते, प्लग काळा करते आणि बराच काळ तशीच चालवली तर सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन रिंगा झिजवते. लीन गाडी पूर्ण रेसवर दामटली तर काही मिनिटांत पिस्टनचं नुकसान करू शकते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन सरळ जाम होतो. म्हणून अंदाजाने सुरुवात करायची वेळ आली की ती नेहमी रिचच्या बाजूने करायची आणि एकेक पायरी खाली यायचं. टू-स्ट्रोकवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: पेट्रोलमध्ये ऑइल जास्त मिसळलं की त्याच भोकातून पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण लीन होतं. ऑइलचं प्रमाण बदललं तर जेटिंग पुन्हा तपासायला हवं.

मूठ किती पिळली आहे ते बघा

नवशिक्यांची सर्वांत मोठी गफलत इथे होते. गाडी अमुक आरपीएमला अडखळते असं सांगितलं जातं आणि त्यावरून जेट निवडलं जातं. कार्बोरेटरमधला कोणता भाग काम करतोय हे प्रामुख्याने मूठ किती उघडी आहे त्यावर ठरतं. तिसऱ्या गिअरमध्ये पाव मूठ आणि पाचव्या गिअरमध्ये पाव मूठ, आरपीएम वेगळे असले तरी पेट्रोल त्याच वाटेने येतं.

मूठ बंद असल्यापासून साधारण १/८ पर्यंत राज्य पायलट जेटचं, म्हणजे छोट्या जेटचं, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूचं. १/८ ते पाव या टप्प्यात स्लाइडच्या, म्हणजे वर-खाली सरकून हवेची वाट उघडणाऱ्या भागाच्या, खालच्या कडेला दिलेला तिरका काप, म्हणजे कटअवे, ठरवतो. पाव ते पाऊण हा नीडलचा, म्हणजे स्लाइडला लटकलेल्या निमुळत्या सुईचा भाग. रोजच्या चालवण्यातला बराच वेळ गाडी इथेच असते. पाऊणपासून पुढे मेन जेट, म्हणजे मोठं जेट. या हद्दी काटेकोर नाहीत, एकमेकींत मिसळतात. मेन जेट बदललं की नीडलच्या वरच्या टप्प्यावरही थोडा परिणाम दिसतो.

मिक्श्चर स्क्रू दोन प्रकारचे असतात आणि ते उलटसुलट वागतात. स्क्रू कार्बोरेटरच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो बहुधा हवेचा स्क्रू: बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण लीन होतं. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा स्क्रू: बाहेर काढला की मिश्रण रिच होतं. आपला कोणता ते आधी ओळखा. इथे चूक झाली तर पुढची प्रत्येक दुरुस्ती उलट्या दिशेने जाईल.

कार्बोरेटरही दोन जातींचे. साध्या स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये रेसची केबल थेट स्लाइड उचलते. सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) कार्बोरेटरमध्ये केबल फक्त एक चकती फिरवते आणि स्लाइड रबरी डायफ्रामच्या मदतीने, इंजिनाच्या ओढीप्रमाणे वर जाते. त्यामुळे सीव्हीमध्ये मूठ झटक्यात पूर्ण उघडली तरी नीडल लगेच पूर्ण वर येत नाही. मेन जेट तपासायचं असेल तर मूठ उघडी ठेवून इंजिनाला आरपीएम चढू द्यावे लागतात.

जेटला हात लावण्याआधी

जेटिंगची म्हणून सांगितलेली कितीतरी दुखणी जेटची नसतातच. महिनोन्महिने उभ्या गाडीचं पायलट जेट चिकटाने अर्धं बुजतं आणि गाडी अगदी लीन असल्यासारखी वागते. त्यावर मोठं जेट घातलं तर दोन-चार दिवस बरं वाटतं, मग तेही बुजतं. म्हणून आधी एवढं बघा.

एअर फिल्टर स्वच्छ आहे का. प्लग नवा किंवा निदान चांगला आहे का, त्याचा गॅप बरोबर आहे का. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह क्लिअरन्स मॅन्युअलप्रमाणे आहे का. चोक पूर्ण बंद होतो का; केबलचा चोक थोडा उघडा राहिला तर गाडी कायम रिच राहते. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मोकळं आहे का. ते बुजलं तर गाडी सुटताना छान चालते आणि काही किलोमीटरनंतर पेट्रोलवाचून मरते. झाकण उघडल्यावर फस्स आवाज येऊन गाडी पुन्हा चालू झाली तर दोष तिथेच आहे. व्हॅक्यूमवर चालणारा पेट्रोल कॉक असेल तर त्याची व्हॅक्यूमची नळी काढून बघा. नळीत पेट्रोल दिसलं तर कॉकचा डायफ्राम फाटला आहे आणि इंजिन तिकडूनही पेट्रोल ओढतंय.

मग हवेची गळती. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड जुना झाला की त्याला बारीक भेगा पडतात. गाडी आयडलवर, म्हणजे मूठ न पिळता नुसती चालू ठेवून जोडाभोवती फवारणीच्या बाटलीने साधं पाणी मारा. आवाज बदलला, इंजिन क्षणभर दबलं, तर तिथून हवा शिरतेय. हीच चाचणी कार्ब क्लीनरने करायची पद्धत आहे, पण गरम सायलेन्सरशेजारी ज्वालाग्राही फवारा मारण्याची काही गरज नाही.

हे सगळं ठीक असेल आणि गाडीत फिल्टर, सायलेन्सर किंवा उंची यातलं काहीतरी खरोखर बदललेलं असेल, तरच जेट. रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुराचे नियम अनेक देशांत कडक आहेत आणि मिक्श्चर बदलणंही त्यात येतं. आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या.

लक्षणं वाचायची कशी

मुठीच्या कडेला आणि शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर कागदी चिकटपट्टी लावा. मूठ बंद असताना दोन्हींवर समोरासमोर एक रेघ मारा, मग पूर्ण उघडून दुसरी. मधलं अंतर चार भागांत वाटून पाव, अर्धा आणि पाऊणच्या रेघा काढा. मूठ पिळताना आधी केबलमधली ढिलाई निघते, तेवढी सोडून मोजा. आता गाडी चालवताना ती कोणत्या रेघेपाशी बिघडते ते नजरेने कळेल. इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नका.

लीनची खूण: गार असताना चोक बराच वेळ लागतो, मूठ उघडताक्षणी गाडी खड्ड्यात पडल्यासारखी दबते, एकसारख्या वेगावर बारीक झटके देते, रेस सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लावतात, मूठ सोडून उतारावर जाताना सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात. शेवटच्या खुणेवर एकटीवर विसंबू नका; सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरत असली तरी असे आवाज येतात.

रिचची खूण: गाडी गार असताना छान आणि गरम झाली की जड. आवाज भरल्या घशासारखा, घुरघुरता. रेस वाढवली तरी आरपीएम मोकळेपणाने चढत नाहीत. धुराला कच्च्या पेट्रोलचा वास, प्लगवर कोरडी काजळी. एअर फिल्टर क्षणभर काढल्यावर गाडी सुधारली तर रिचच.

संशय असेल तेव्हा चोकची चाचणी करा. ज्या रेघेवर गाडी बिघडते तिथे मूठ धरून चोक किंचित ओढा. सुधारली तर त्या टप्प्यात लीन, आणखी बिघडली तर रिच. दोन मिनिटांची ही चाचणी पुष्कळ फुकटची खोलाखोली वाचवते.

जेटवरचे आकडे

केहिन आणि मिकुनी या कार्बोरेटर बनवणाऱ्या कंपन्या. केहिनच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा भोकातून किती पेट्रोल वाहतं त्यावर बेतलेला असतो. म्हणून केहिनचं १२० आणि मिकुनीचं १२० एक नव्हेत. आटेही सारखे असतील असं नाही. कार्बोरेटर ज्या कंपनीचा आणि ज्या जातीचा, जेट त्याच जातीचं घ्यायचं. स्वस्त नकली जेटांमध्ये आकडा एक आणि भोक दुसरं असं सर्रास होतं, आणि मग केलेल्या सगळ्या चाचण्या वाया जातात.

व्यासाच्या आकड्यांमागचं गणित एकदा करून बघा. पेट्रोल वाहतं ते क्षेत्रफळातून. १२० वरून १२५ ला गेलं तर व्यास ४ टक्क्यांनी वाढतो, पण क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी. पायलट जेट ३८ वरून ४० केलं तर क्षेत्रफळ जवळजवळ ११ टक्क्यांनी वाढतं. पायलटची एक पायरी दिसते लहान, असते मोठी.

नुसता सायलेन्सर बदलला असेल तर मेन जेट एक किंवा दोन पायऱ्या वर आणि नीडल एक खाच वर, अशी सुरुवात बहुतेक ठिकाणी पुरते. एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, काढून उघडा फिल्टर बसवला असेल तर मेनला तीन-चार किंवा जास्तही पायऱ्या लागतात. सीव्ही कार्बोरेटरवर उघडे फिल्टर बसवून नीट जुळवणं पहिल्या प्रयत्नासाठी घेऊच नका: एअरबॉक्समधली शांत हवा गेली की स्लाइडचं उचलणंच बिघडतं. मेन जेटची अंदाजाच्या आसपासची तीन-चार मापं एकदमच आणावीत, म्हणजे काम अर्ध्यात अडत नाही.

उंचीचा हिशोब

समुद्रसपाटीपासून १००० मीटर वर हवा सुमारे ९ टक्के विरळ होते. मिश्रण मात्र ९ टक्के रिच होत नाही, ५ टक्क्यांच्या आसपास होतं, कारण हवा विरळ झाली की पेट्रोल ओढण्याचा जोरही थोडा कमी होतो. म्हणून केहिनच्या १२० ला १००० मीटरवर ११८ पुरतं. ३००० मीटरवर मिश्रण साधारण १६ टक्के रिच होतं. तिथे ११२ च्या आसपास जावं लागतं. तापमानही हेच करतं: १० अंशांची सकाळ आणि ४० अंशांची दुपार यांत हवेच्या घनतेचा फरक जवळजवळ १० टक्के असतो.

उंचीसाठी जेट लहान केलं असेल तर खाली उतरण्याआधी मूळ जेट परत घालायचंच. वर जाताना मोठं जेट राहिलं तर गाडी फक्त जड चालेल. लहान जेट घेऊन खाली येऊन मूठ पूर्ण पिळली तर इंजिन जाऊ शकतं.

हत्यारं आणि जागा

मोकळी हवा खेळणारी जागा हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते, त्यामुळे त्याच खोलीत गॅसची शेगडी, गिझर, चालू हीटर असं काही नको. पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक जवळ ठेवा. हातमोजे आणि चष्मा घाला; नळीतला क्लीनर एका भोकातून मारला की दुसऱ्या भोकातून सरळ डोळ्यांत येतो.

जपानी कार्बोरेटरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसतात साधे, पण ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. डोक्यावर बारीक ठिपका असेल तर खात्रीच. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचकटतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएसचा स्क्रूड्रायव्हर घ्या, किंवा हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. जेटसाठी चपटे स्क्रूड्रायव्हर असे हवेत की पातं खाचेच्या पूर्ण रुंदीला बसेल. पितळ मऊ असतं. अरुंद पात्याने खाच फाटली की जेट आत अडकतं. पायलट जेट खोल विहिरीत असतं, तिथे पातळ पण रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर लागतो.

याशिवाय पांढरं कापड किंवा ट्रे, पेट्रोल गोळा करायला भांडं, कार्ब क्लीनर, बाउलचं (कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचं) नवं गॅस्केट, आणि वही. फोनने प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, विशेषतः नळ्या कुठून कुठे जातात त्यांचे.

कार्बोरेटर उतरवणं

१. इंजिन गार होऊ द्या. पेट्रोल कॉक बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

२. बाउलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल भांड्यात काढा. ते उजेडात धरून बघा. तळाशी लाल कण दिसले तर टाकीला गंज आहे, थेंबथेंब वेगळे पडले तर पाणी आहे. दोन्हींवर आधी इलाज करा.

३. कार्बोरेटरच्या बाहेरून माती, ग्रीस पुसून टाका. उघडल्यावर तीच आत जाते.

४. दोन्ही बाजूंच्या क्लॅम्प सैल करा, कार्बोरेटर फिल्टरच्या बाजूला दाबून इंजिनाकडून आधी सोडवा, मग हलवत हलवत बाहेर काढा. रबर कडक झालं असेल तर गरम पाण्यात बुडवलेला कपडा गुंडाळून थोडा वेळ ठेवा.

५. साध्या स्लाइडच्या कार्बोरेटरचं वरचं झाकण फिरवून स्लाइड, स्प्रिंग, नीडल केबलसकट बाहेर घ्या. नीडल वाकली तर बदलावीच लागते, त्यामुळे स्लाइड लोंबकळत सोडू नका.

इंजिनाचं उघडं तोंड लगेच स्वच्छ कापडाने बंद करा. एक वॉशर आत पडला तर हेड खोलावं लागतं.

बऱ्याच ऑफ-रोड गाड्यांच्या बाउलच्या तळाला मोठी षटकोनी झाकणी असते. तशी असेल तर मेन जेटसाठी कार्बोरेटर पूर्ण उतरवावा लागत नाही. क्लॅम्प सैल करून जरा तिरका फिरवला की भागतं.

जेट बदलणं

बाउलचे स्क्रू काढून बाउल सरळ खाली ओढा. चिकटला असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हलके ठोका, फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका. मधोमध उभं दिसतं ते मेन जेट, शेजारच्या विहिरीत पायलट.

मेन जेट ज्या लांबट पितळी नळीवर बसतं त्या होल्डरला पान्याने धरून मग जेट फिरवा. धरलं नाही तर होल्डरच सुटून येतो आणि वरचं नीडल जेट, म्हणजे नीडल ज्यात वर-खाली होते ती नळी, निसटतं. नवं जेट आधी बोटांनी बसवा, दोन-तीन आटे सहज गेले पाहिजेत. मग स्क्रूड्रायव्हरने टेकवून हलकासा ताण द्या. कार्बोरेटरची बॉडी मऊ धातूची असते. जोर केला तर आटे जातात आणि ते दुरुस्त होत नाहीत. जुन्या जेटवरचा आकडा वहीत लिहून ते वेगळ्या पिशवीत ठेवा.

जुनं जेट साफ करताना पोलादी तार घालायची नाही. भोकाच्या कडा इतक्या मापात कापलेल्या असतात की एक ओरखडा पुरतो. क्लीनर आणि हवेचा झोत. फारच अडलं तर नायलॉनचा धागा. क्लीनर मारण्याआधी डायफ्राम, ओ-रिंग आणि रबरी सगळं काढून ठेवा, नाहीतर रबर फुगतं. पेट्रोलने फुगलेली बाउलची ओ-रिंग काही तास उघड्यावर सुकवली की बरेचदा पुन्हा मापात येते.

आता मिक्श्चर स्क्रू. तो काढण्याआधी आत फिरवत न्या आणि पूर्ण आत टेकेपर्यंत किती आटे (म्हणजे पूर्ण फेरे) गेले ते मोजा: दीड, पावणेदोन, जे काही असेल ते लिहा. टेकला हे बोटांना कळताच थांबा. पुढे दाबलं तर त्याचं सुईसारखं टोक बॉडीत मोडून राहतं. मग पूर्ण बाहेर काढा. त्यावर आधी स्प्रिंग, मग इवलासा वॉशर आणि टोकाशी ओ-रिंग असते. ही ओ-रिंग मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी आणि बहुतेक वेळा ती स्क्रूबरोबर बाहेर येतच नाही, भोकाच्या तळाशी चिकटून बसते. टॉर्च मारून बघा, वाकवलेल्या बारीक हुकाने अलगद उचला. ती तशीच राहून वर नवी बसवली, किंवा हरवून स्क्रू तसाच लावला, तर आयडल कधीच जुळत नाही.

काही गाड्यांत हा स्क्रू पितळी टोपीखाली झाकलेला असतो. टोपीला अगदी हळू बारीक भोक पाडून त्यात छोटा स्क्रू रुतवायचा आणि पकडीने टोपी ओढायची. पलीकडे लगेच मिक्श्चर स्क्रूचं डोकं असतं, म्हणून ड्रिल निसटू देऊ नका.

नीडलला वरच्या टोकाशी बहुधा पाच खाचा असतात आणि त्यातल्या एकीत क्लिप. खाचा वरून मोजतात. क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर येते, मिश्रण रिच होतं. क्लिप वर, तर लीन. सीव्हीच्या अनेक नीडलींना एकच खाच असते. तिथे क्लिपखाली अर्धा मिलिमीटर जाडीचा बारीक वॉशर घालून नीडल उचलतात. वॉशर सपाट आणि दोन्ही बाजूंना तेवढाच टेकणारा हवा.

फ्लोटची, म्हणजे बाउलमधल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची, उंची मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. कार्बोरेटर तिरका करत न्या, फ्लोटची पट्टी नीडल व्हॉल्व्हला (बाउलमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी छोटी सुई; वरची नीडल वेगळी) नुसती टेकेल आणि त्याची स्प्रिंग दबणार नाही तिथे थांबून मोजा. उंची चुकली तर सगळे टप्पे एकदमच रिच किंवा लीन होतात आणि कोणत्याही जेटने ते सुधारत नाही. फ्लोटची पिन काढायची झाली तर हलक्या हाताने. तिला धरणारे खांब ओतीव असतात, ठोकलं की तुटतात.

पुन्हा बसवताना

साध्या स्लाइडचा काप एअर फिल्टरच्या दिशेला आला पाहिजे आणि उभी खाच आतल्या पिनवर बसली पाहिजे. स्लाइड उलटी बसली तर गाडी सुरू होताच पूर्ण रेसवर पळते. सीव्हीमध्ये डायफ्रामची कड खोबणीत सगळीकडून बसली का, तिचा छोटा कान जागेवर आहे का बघा, मग झाकण लावा. कड चिमटली तर फाटते. डायफ्राम उजेडाकडे धरून बारीक भोक आहे का तेही याच वेळी बघायचं.

कार्बोरेटर जागेवर गेला, क्लॅम्प आवळल्या, की इंजिन सुरू करण्याआधी मूठ पूर्ण पिळून सोडा. ती टक् आवाज करून स्वतःहून बंद झाली पाहिजे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही तेच करा. मग कॉक उघडून पाच मिनिटं थांबा आणि बाउलखाली, ओव्हरफ्लोच्या नळीखाली बोट फिरवा. ओलं लागलं तर फ्लोटचा व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही. तशीच गाडी उभी ठेवली तर पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

जुळवणी

आधी मिक्श्चर स्क्रू मोजलेल्या आट्यांवर ठेवून गाडी कामापुरती आयडलवर उभी करा. मग क्रम असा: मेन जेट, नंतर नीडल, शेवटी पायलट. एका वेळी एकच बदल. दोन एकदम केले आणि गाडी सुधारली, तरी कशाने सुधारली ते कळत नाही.

मेनची चाचणी मोकळ्या, सुरक्षित, परवानगी असलेल्या जागी. इंजिन गरम, तिसरा गिअर, मूठ पूर्ण उघडी, आरपीएम चढू द्या. मग मूठ जराशी, १/८ एवढीच, बंद करा. वेग अगदी किंचित उतरला तर मेन बरोबर. गाडीने उलट जोर धरला तर जेट लहान, मोठं घाला. अडखळली, घुरघुरली, तर मोठं आहे. लांब चढावर हीच चाचणी जास्त स्पष्ट होते, कारण इंजिनावर भार टिकून राहतो.

नीडलसाठी पाव ते पाऊण रेघांमध्ये मूठ एकसारखी धरा आणि मग ठामपणे उघडा. दबली तर एक खाच रिच, घुरघुरली तर एक खाच लीन. दोन टोकांच्या खाचांवर जाऊनही जमत नसेल तर नीडलच वेगळी लागेल, पण साध्या बदलांमध्ये ती वेळ क्वचित येते.

आता पायलट. गरम इंजिन, आयडल थोडं वाढवून ठेवा. मिक्श्चर स्क्रू पाव-पाव आटा आत न्या, इंजिन अडखळेपर्यंत. मग बाहेर काढत या. आरपीएम चढतील, एका जागी सर्वांत वर जातील, पुढे पुन्हा अडखळतील. दोन अडखळण्यांच्या मधली, सर्वांत वेगवान जागा आपली. प्रत्येक पाव आट्यानंतर दहा सेकंद थांबा, परिणाम दिसायला तेवढा वेळ लागतो. मग आयडल खाली आणा.

ही जागा किती आट्यांवर आली त्यावरून पायलट जेट बरोबर आहे का कळतं. एक ते अडीच आट्यांमध्ये आली तर ठीक. पेट्रोलचा स्क्रू तीनहून जास्त बाहेर हवा असेल तर पायलट लहान आहे. एकाच्या आत असेल तर मोठं. हवेच्या स्क्रूचं बरोबर उलट: अडीचच्या पुढे गेला तर पायलट मोठं, एकाच्या आत राहिला तर लहान.

प्लगवरून रंग वाचायची सवय चांगली, पण जपून. आजचं पेट्रोल प्लगला पूर्वीसारखा तपकिरी रंग देत नाही, आणि आयडलवर दोन मिनिटं उभी राहिलेली गाडी कोणताही प्लग काळा करते. वाचायचाच असेल तर नवा प्लग घालून पूर्ण मुठीवर पळवा, त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी थांबवून प्लग काढा आणि पांढऱ्या चिनीमातीचं मूळ भिंगाने बघा. तिथे फिकट धुरकट कडं हवं. पूर्ण पांढरं आणि चकचकीत दिसलं, बारीक चंदेरी ठिपके दिसले, तर तिथेच थांबा आणि मेन मोठं करा.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर तेही हिशोबात धरा. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १४.७ ऐवजी १४.१ च्या आसपास हवा पुरते, म्हणजे त्याच जेटवर गाडी थोडी लीन चालते.

एकापेक्षा जास्त सिलिंडर असतील तर

प्रत्येक कार्बोरेटरचे भाग वेगळ्या डब्यात ठेवा. मूळ जेट सगळ्यांत सारखीच असतील असं गृहीत धरू नका. काही चार सिलिंडरच्या गाड्यांत आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांची मेन जेट कारखान्यातूनच वेगळी येतात. तो फरक तसाच ठेवून सगळी सारख्या पायऱ्यांनी हलवा. जुळवणी झाल्यावर व्हॅक्यूम गेज लावून कार्बोरेटर एकमेकांशी सिंक्रोनाइझ, म्हणजे सगळे सारखेच उघडतील असे, करायलाच हवेत, नाहीतर आयडल थरथरत राहील आणि त्याचा दोष जेटला दिला जाईल.

वहीच्या शेवटच्या पानावर एवढं टिपा: तारीख, उंची, त्या दिवसाचं तापमान, मेन, पायलट, नीडलची खाच, मिक्श्चर स्क्रूचे आटे, फिल्टर आणि सायलेन्सर कोणता. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर क्लॅम्प आणि बाउलचे स्क्रू पुन्हा एकदा तपासा. नवं गॅस्केट बसलं की ते थोडे सैल होतात.